कापडी चेंडू

आत्या पलंगाखाली पालथी पडून फरशी चाचपत होती. गाणाऱ्या खेळण्यातल्या बदकाच्या पोटाचं झाकण सापडलं, पण आतली बटणाएवढी बॅटरी काही सापडेना.

“ताई, उठा आता. गेली असेल केरात,” वहिनी म्हणाली. तिच्या कडेवर वर्षभराची चिमणी रडून रडून मलूल झाली होती. सकाळपासून तिने दूध तोंडाला लावलं नव्हतं. लाळ हनुवटीवरून नुसती गळत होती. “दात येताहेत तिला.”

“दातांनी पोर घोटभर पाणी गिळायला घाबरते का? दवाखान्यात चल.”

“तुमचं आपलं काहीतरीच.”

बदक आत्यानेच आणलं होतं, भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला. दुकानात लाकडी ठोकळेही होते. पण बदक दाबलं की गायचं, आणि दिवसभर शिलाई मशीनची घरघर ऐकणाऱ्या बाईला ते गाणं फार गोड वाटलं. झाकणाला स्क्रू नाही, हे तिला तेव्हाच दिसलं होतं. नखाने उघडतंय, बॅटरी बदलायला बरं, एवढंच मनात आलं.

तिने वहिनीच्या कडेवरून पोर ओढून घेतली आणि अनवाणीच जिना उतरली. वहिनी ओरडत मागे धावली.

एक्स-रेमध्ये छातीच्या वरच्या बाजूला पांढरी टिकली स्पष्ट दिसली.

“बॅटरी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अन्ननलिका भाजत चालली असेल. आत्ताच काढावी लागेल.”

भाऊ कामावरून धापा टाकत आला. “कुणी आणलं होतं ते?” त्याने विचारलं. त्याला माहीत होतं.

“मी,” आत्या म्हणाली.

चिमणीला ऑपरेशनसाठी आत नेलं. आत्या बंद दाराशेजारच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. मला ने, तिला ठेव, मला ने, एवढंच तिचे ओठ पुटपुटत होते. स्ट्रेचरला वाट करायला नर्सने तिला दंड धरून बाजूला केलं, तरी ते थांबलं नाही.

चिमणी वाचली. मात्र कितीतरी महिने नाकातल्या नळीनेच तिचं पोट भरलं, आणि आवाज घोगरा झाला तो झालाच. आत्याला कुणी बोल लावला नाही. वहिनी चहा करायची, बसा म्हणायची. आत्या गेली की मात्र ती गुडघ्यांवर बसून सगळी खोली झाडून काढायची. भावाने हे एकदा आत्याला सांगून टाकलं, आणि मग सांगितल्याबद्दल ओशाळला.

दुसरा वाढदिवस आला. आत्या दुकानं पालथी घालत फिरली. अस्वलाचा डोळा ओढला, तो हातात आला. गाडीचं चाक पिळलं, तेही निघालं.

“बाई, घ्यायचं नसेल तर मोडू तरी नका,” दुकानदार वैतागला.

ती रिकाम्या हाताने परतली आणि मशीनवर बसली. जाड सुती कापडाचा चेंडू केला. आत कापडाच्याच चिंध्या, दुहेरी टीप. बटण नाही, मणी नाही, सुटा धागा नाही.

वहिनीने चेंडू घेतला. चिमणीने हात पुढे केले, पण वहिनीने तो दिला नाही. अंगठ्यांनी शिवण चाचपली, थोडी ओढली आणि आत्याकडे पाहून थांबली.

“थांबू नकोस,” आत्या म्हणाली. “जोर लावून ओढ.”

वहिनीची नजर खाली गेली. आत्या पुढे सरकली, चेंडूची दुसरी बाजू दोन्ही हातांत धरली आणि पाय रोवून उभी राहिली.

“हं,” ती म्हणाली. “ओढ.”