वळकटीतला तार्वग

नोमिनचे जावळ काढायचे ठरले त्या वर्षी मी साठीला टेकलो होतो. नोमिन माझ्या लेकीची, देल्गरची मुलगी. तिला चौथे वर्ष लागले होते. मुलीचे जावळ सम वर्षीच काढतात, तेव्हा राहिले असते तर आणखी दोन वर्षे थांबावे लागले असते. आमच्याकडे बारा वर्षांना ओळीने बारा जनावरांची नावे असतात. लामाने पोथी पाहून सांगितले, पोर घोड्याच्या वर्षाची आहे, पहिली बट कुत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या माणसाने कापावी. आमच्या सगळ्या गोतात कुत्र्याच्या वर्षाचा एकच माणूस होता, माझा मेव्हणा गोंबो. देल्गरचा निरोप आला, "बाबा, मामाला घेऊनच या." त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

गोंबो वाईट नाही, असे माझी बायको खोर्लो म्हणायची. तिचा तो धाकटा भाऊ. त्याच्या चांगल्यावाईटाशी मला घेणे नव्हते, मला त्याची किळस यायची. तो बोटांनी नाक शिंकरायचा आणि त्याच बोटांनी ताटलीतल्या वाळवलेल्या दह्याच्या वड्या चाचपून बघायचा, मऊ कुठली ते. हाडातला मगज चोखताना असा आवाज करायचा की बाहेर बांधलेला कुत्रा उठून उभा राहायचा. चुलीकडे पाय करून बसायचा. एकदा तर चुलीत थुंकला होता. तेव्हापासून त्याच्या हातचा चहा मी घेत नसे. खोर्लोला सांगायचो की पोटात जागा नाही.

देल्गरचे घर उत्तरेला, डोंगरातून गेले तर पाच दिवसांच्या वाटेवर. समारंभाला मांस हवे म्हणून वाटेत दोन-तीन मुक्काम शिकारीचे धरले होते. गाडी माझीच, साइडकारवाली जुनी रशियन मोटरसायकल. लिहायला मी पन्नाशीत शिकलो, त्यामुळे लिहायची हौस अजून फिटलेली नव्हती. सामानाची यादी मी दोन दिवस आधीच करून ठेवली होती.

गोंबोने ती हातात घेतली आणि तिच्यावर अंगठ्याचा तेलकट ठसा उठवला.

"दाजी, एवढं काय लिहिलंय? आपण शिकारीला चाललोय का साहेबाला अर्ज द्यायला?"

"तो शब्द तोंडातून काढू नकोस."

"कुठला, अर्ज?"

"गवत बघायला चाललोय म्हणावं. जनावराला ऐकू जातं."

"मग बंदूक काय गवत कापायला घेतलीत?"

"निघायच्या तोंडावर भांडू नका रे," खोर्लो आतून म्हणाली. "गोंब्या, दाजी सांगतात तसं बांध. त्यांना त्यातलं कळतं."

सामान बांधण्याची आमच्या घरची एक रीत होती. माझे वडील उंटांवर तशीच बोचकी लादत. तोंडाचे सामान एका बाजूला, म्हणजे पीठ, चहाची वीट, कुटलेले सुके मांस, मीठ. अंगाचे सामान दुसऱ्या बाजूला, म्हणजे पांघरुणे, कपडे. आणि रक्ताचे सामान सगळ्यांत मागे, उघड्यावर, वाऱ्यात. मारलेले जनावर दगडासारखे गार झाल्याशिवाय कशाच्याही जवळ आणायचे नाही, आणि गार झाल्यावरही अंगाच्या सामानात कधीही ठेवायचे नाही. का, ते वडिलांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. लहानपणी एकदा मी उबेसाठी मेलेला ससा कुशीत घेऊन झोपलो, तेव्हा त्यांनी मला चाबकाने मारले होते. एवढे पुरेसे होते.

पेट्रोलचा डबा, ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, तार आणि पाने मी साइडकारच्या तळाशी ठेवले. त्यावर तोंडाचे बोचके. मागच्या सीटमागे पांघरुणांची वळकटी. त्या वळकटीच्या पोटात खोर्लोने एक वस्तू ठेवली. कोकराच्या कातड्याचा कोट, आत पांढरी लोकर, बाहेर निळे रेशीम. हिवाळाभर दिव्यापाशी बसून तिने तो नोमिनसाठी शिवला होता. गुडघेदुखीमुळे तिला स्वतःला येता येत नव्हते.

"याला डाग पडता कामा नये," ती मला म्हणाली. "जावळ काढलं की लगेच अंगात घालायचा. नाहीतर वारं लागेल पोरीला."

"मी सांभाळतो," मी म्हणालो.

आम्ही निघालो तेव्हा तिने आमच्या मागे दूध शिंपडले. गोंबोच्या मानेवर दोन थेंब पडले. ते त्याने पुसले आणि बोट चाटले.

पहिल्या दिवशी मी एक हरीण मारले. ते सोलले, रात्रभर दगडांवर ठेवले आणि सकाळी मागे वाऱ्यात टांगले. त्याला गोंबो हसला. "मांस आहे दाजी, वाळत घातलेली चड्डी नाही." रात्रभर त्याच्या पायांचा वास तंबूत भरला होता, आणि बोलायला तोंड उघडले तर तो आत जाईल असे मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका उतारावर आम्हाला तार्वग दिसला. तार्वग म्हणजे बिळात राहणारा जीव, घुशीसारखाच, पण मांजराहून मोठा आणि उन्हाळा संपताना चरबीने थुलथुलीत. त्याच्या चरबीसाठी आणि कातड्यासाठी लोक वेडे असतात. त्या वर्षी त्याला मारायला बंदी होती. गोंबोच्या तोंडाला पाणी सुटलेले मला दिसले, खरोखरचे पाणी, हनुवटीवर.

तार्वग माणूस दिसला की मागच्या पायांवर उभा राहतो, शिट्टी मारतो आणि बिळात जातो. हा बिळाच्या तोंडाशी मान खाली घालून बसला होता. आम्ही चाळीस पावलांवर आलो तरी हलला नाही.

"त्यानं शिट्टी नाही मारली," मी म्हणालो.

"तुम्हाला बघून लाजला असेल."

"गोंबो, जाऊ दे त्याला. बंदी आहे."

"पोरीच्या जावळाला तार्वग नसला तर लोक काय म्हणतील? आजोबा आला आणि नुसतं हरीण घेऊन आला?" आणि त्याने गोळी झाडली.

न पळणाऱ्या तार्वगाला हात लावायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. मला ते माहीत होते. मी आणखी एकदा ठासून सांगायला हवे होते. पण तोपर्यंत गोंबोने त्याचे पोट फाडून आत हात घातला होता, आणि बाहेर काढलेला मूत्रपिंडाचा गोळा माझ्यापुढे धरला होता. त्यातून वाफ निघत होती.

"घ्या दाजी. गरम आहे तोवर. गुडघ्यांना चांगलं."

"नको."

"निम्मा?"

मी तोंड फिरवले. त्याने तो तसाच तोंडात टाकला आणि उघड्या तोंडाने चावला. मी गाडीच्या पलीकडे गेलो. त्या वेळी मी त्या जनावराचा विचार करत नव्हतो. मी फक्त गोंबोच्या हनुवटीवरच्या रक्ताचा विचार करत होतो.

तेवढ्यात खाली खोऱ्यात धूळ उठली. एक गाडी आमच्याच दिशेने येत होती.

"वनरक्षक," गोंबो म्हणाला. "बंदूक जाईल. गाडीपण जाईल." त्याने वळकटी सोडली, तार्वग पांघरुणांत टाकला आणि गुंडाळू लागला. "दोरी धरा दाजी, बघत काय उभे राहिलात?"

कोट आत होता. मला ते आठवले, अगदी त्याच क्षणी आठवले. पण धूळ जवळ येत होती आणि माझी मोटरसायकल गेली असती तर मी काय चालवणार होतो? मी दोरी धरली आणि गाठ मारली. घट्ट मारली.

तो वनरक्षक नव्हता. एक कुटुंब ट्रकवर बिऱ्हाड लादून शरदाच्या कुरणाकडे चालले होते. आम्हाला बघून त्यांनी हात हलवला, ट्रकवरच्या म्हातारीने विचारले, "गवत कसं आहे वर?" मी म्हणालो, "बरं आहे."

ट्रक दिसेनासा झाल्यावर मी म्हणालो, "काढ ते बाहेर."

"राहू दे. पुढे खरंच वनरक्षक भेटला तर? मुक्कामाला काढू."

मी पुन्हा सांगितले नाही. सारखे सारखे त्याच्याशी बोलायचे म्हटले की मला त्याच्या तोंडाकडे बघावे लागायचे.

संध्याकाळी उजेड असताना आम्ही थांबलो. गोंबोने वळकटी उलगडली. पांघरुणांत रक्ताचा पसरट डाग होता. कोटाच्या निळ्या रेशमावर वाटीएवढा डाग पडला होता आणि आतल्या पांढऱ्या लोकरीत काळे ठिपके हलत होते. पिसवा. मी कोट उचलला आणि लगेच टाकला.

"धुऊन निघेल," गोंबो म्हणाला. "ताईला काय कळतंय."

"मी या पांघरुणात झोपणार नाही."

"नका झोपू. मलाच जास्त मिळेल."

मी तंबूबाहेर, वाऱ्याच्या बाजूला तीस पावलांवर, अंगातल्याच लांब कोटात पडलो. तो सगळी पांघरुणे अंगावर ओढून झोपला. सकाळी त्याच्या मानेवर आणि पोटावर चावे होते, तो खाजवत होता आणि त्याच नखांनी पीठ मळत होता. मी नुसता कोरडा चहा प्यायलो, तोही स्वतः उकळून. पुढच्या दोन्ही मुक्कामी मी बाहेरच झोपलो. त्याने शिजवलेले काही खाल्ले नाही. तार्वगाचे मांस त्याने दगड तापवून भाजले आणि एकट्याने संपवले. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही लामा झालात का?" मी म्हणालो, "हो."

चौथ्या दिवशी दुपारी तो साइडकारमध्ये कुडकुडायला लागला. ऊन होते. संध्याकाळी त्याला नीट चालता येईना, डावा हात अंगापासून लांब धरून चालला. "काखेत गाठ आलीय," तो म्हणाला. "बघा जरा." मी बघितली. अंड्याएवढी होती. त्याने माझा हात धरायचा प्रयत्न केला आणि मी मागे सरलो.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही शेवटच्या खिंडीत आलो. खाली देल्गरचे पांढरे घर दिसत होते, धुराड्यातून धूर निघत होता, बाहेर पाहुण्यांचे घोडे बांधले होते. एक छोटीशी आकृती दारासमोर पळत होती. केस मोकळे सोडलेले, कमरेपर्यंत. ती नोमिन असणार.

मी गाडी थांबवली.

"का थांबलात?" गोंबोने विचारले. त्याचे ओठ काळे पडले होते.

"आपण खाली जायचं नाही."

"दाजी, देल्गर गरम दूध देईल. मी बरा होईन. एक बट कापतो आणि झोपतो."

"नाही."

"मामा आहे मी तिचा." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्हाला मी कधीच आवडलो नाही ना."

"नाही," मी म्हणालो. "पण त्यासाठी नाही थांबलो."

तो रडायला लागला. नाक वाहत होते आणि ते पुसायला त्याला हात उचलता येत नव्हता. एरवी मी तोंड फिरवले असते. त्या दिवशी मी माझ्या डोक्याचा रुमाल काठीच्या टोकाला गुंडाळला आणि त्याचे नाक पुसले. मग तो रुमाल टाकून दिला.

जावई वर येताना दिसला तेव्हा मी ओरडून त्याला दोनशे पावलांवर थांबवले. "जवळ येऊ नकोस. जावळ काढू नका. पाहुण्यांना जेवू घालून परत पाठवा." त्याने एकदाच विचारले, "मामा?" मी मान हलवली. तो शहाणा माणूस, तिथूनच मागे फिरला.

मग मी वळकटी रस्त्याच्या कडेला उतरवली, काठीने कोट बाहेर ओढला, सगळ्यावर पेट्रोल ओतले आणि काडी लावली. हरणाचे मांसही त्यात टाकले. रेशीम लगेच जळले. लोकर जळायला वेळ लागला, आणि तिचा वास दिवसभर माझ्या दाढीत राहिला.

तालुक्याचे गाव तिथून चाळीस मैल. गोंबो बसता बसता कलंडत होता, म्हणून मी त्याला साइडकारला दोरीने बांधले. उघड्यावर, वाऱ्यात. तीच दोरी, तशीच गाठ.

दवाखान्यात आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत कोंडले. मला गोळ्या दिल्या. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी काचेपलीकडून सगळे विचारून घेतले आणि समजावून सांगितले, की जनावराचे अंग गार व्हायला लागले की पिसवा ऊब शोधत बाहेर पडतात, आणि जवळ पांघरूण असेल तर पांघरुणात शिरतात. "तुम्ही त्यांच्याबरोबर का नाही झोपलात?" त्यांनी विचारले. "सावध राहिलात, चांगलं केलंत."

मी सावध नव्हतो. त्याच्या पायांचा वास मला सहन होत नव्हता, म्हणून मी वाचलो. सांगायचे ते मी एकदाच, पुटपुटल्यासारखे सांगितले, कारण त्याचे तोंड बघावे लागू नये अशी माझी इच्छा होती. वडिलांची रीत मला येत होती आणि गाठ मीच मारली होती. आता किळस येते ती या हातांची. अजूनही जेवायच्या आधी मी ते दोनदा धुतो आणि मग उगीच त्यांच्याकडे बघत बसतो.

दहा दिवसांनी घरी गेलो. खोर्लोने कोटाबद्दल विचारले नाही. तिने फक्त विचारले, "शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?"

"काच होती मध्ये," मी म्हणालो.

नोमिनचे जावळ सहाव्या वर्षी निघाले. पहिली बट शेजारच्या कुरणातल्या एका म्हातारीने कापली.

माझा मेव्हणा गोंबो, वय सत्तेचाळीस, कोंबड्याच्या वर्षी, ऑगस्टच्या एकोणतीस तारखेला, दुपारच्या चहाच्या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात प्लेगने वारला.