पासवाल्या काकांची भिंत

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत सकाळी नऊपासून रांग लागे. प्रत्येकाच्या काखेत प्रबंधाचा गठ्ठा आणि तोंडावर पहिलीत निघालेल्या पोराचा भाव. रांगेच्या टोकाला बाइंडिंगचं दुकान, आणि काउंटरवर पासवाले काका. काका गठ्ठा हातात घेत, डोळे मिटत, वजन करावं तसा वरखाली करत आणि ओरडत, "पास! बांधणी माझी, पदवी तुमची!"

मग फोटो. प्रबंध बांधायला टाकला की तुमचा फोटो काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवला जाई. शंभरावर फोटो असतील. "या भिंतीवर नापास झालेला एक माणूस दाखवा, दुकान बंद करतो!" काका गरजत. कोण दाखवणार? भिंतीवर तसा खरोखरच कुणी नव्हता. संशोधन पद्धतीचे पेपर सोडवलेली शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत.

मीही त्याच रांगेत होते, हे सांगून टाकते. नोकरीतून रजा काढून छत्तिसाव्या वर्षी संशोधनाला आले होते. रात्रशाळेतल्या प्रौढांना तिथलं शिकवणं कसं वाटतं, हा माझा विषय. वर्गात जाऊन साठ जणांना विचारलं, अठ्ठावन्न म्हणाले, छान. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "शाळा सोडून गेलेल्यांना विचारलंत का?" नव्हतं विचारलं. रजा पंधरा दिवसांत संपत होती. एकदा काकांच्या भिंतीवर चढलं की समास कोण वाचतोय, असं मी स्वतःला पटवलं होतं.

शिवाय मला माझ्या रूममेटचा फोटो बघायचा होता. दोन वर्षं आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मला ताई म्हणायची, न सांगता माझाही चहा करायची. तिने प्रबंध इथेच बांधला होता. घड्याळाखाली तिचा फोटो लागला तेव्हा मी शेजारी उभी होते. चार महिन्यांनी, मी ग्रंथालयात असताना, ती सामान घेऊन निघून गेली. चिठ्ठी नाही, फोन नाही. डॉक्टर झाली, आता कशाला आपली आठवण, गरज सरो वैद्य मरो, असं म्हणून मीही फोन केला नाही. त्यानंतरचं वर्ष मी एकटीने काढलं. जेवणाच्या टेबलावर मुली मला काकू म्हणत आणि ताटं उचलून पलीकडे बसत. फार एकटं वाटायचं. तिच्यावर रागावले होते, तरी तिचा चेहरा बघावासा वाटत होता.

घड्याळाखाली एक चष्मेवाला तरुण होता.

"काका, इथे एका मुलीचा फोटो होता."

"नाही हो. कुणाचाच नव्हता."

"अहो, मी स्वतः डिंकाची बाटली धरली होती."

"ताई, मागे रांग खोळंबलीय," म्हणून काका माझा गठ्ठा घेऊन आत मशीनकडे वळले. मी फळी उचलून काउंटरमागे शिरले. चष्मेवाल्याचा फोटो हाताला पुठ्ठ्यासारखा जाड लागला. नखाने कोपरा उचकटला. खाली माझी रूममेट हसत होती.

शेजारचा उचकटला. खाली एक मिशीवाला.

"अरे, हा आमच्या विभागातला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "याचा प्रबंध परत आला होता. सोडून गेला बिचारा!"

एवढाच तो चमत्कार. परत आलेल्या प्रबंधांची यादी विद्यापीठाच्या फलकावर लागते. काका ती वाचत आणि त्या माणसावर नवा माणूस चिकटवत. भिंतीवर उरत फक्त पास झालेले, आणि निकालाची वाट बघणारे.

"मग काय करू?" बाहेर येऊन काका म्हणाले. "पडलेल्यांचे फोटो बघून कुणाला धीर येतो का? दुकान आहे बाई हे, स्मशान नाही."

"मग बंद कधी करताय?" मागून एकाने विचारलं. हशा झाला. दोघंतिघं गठ्ठे घेऊन निघून गेले. बाकीचे जागचे हलले नाहीत. "शुक्रवारी जमा करायचंय, उगाच विषाची परीक्षा कशाला?" माझ्यामागची बाई पुटपुटली आणि पुढे सरकली.

मी माझा गठ्ठा परत मागून घेतला. माझे साठ जण वर्गात बसलेले होते, कारण त्यांना शाळा आवडली होती. न आवडलेले केव्हाच घरी गेले होते. काकांनी डिंकाने केलं ते मी प्रश्नावलीने केलं होतं.

खोलीवर येऊन फोन लावला.

"ताई? तुम्ही?"

"मला वाटलं, तू पास झालीस."

"परत आला प्रबंध. तुम्हाला तोंड कसं दाखवू कळेना." मग म्हणाली, "तिकडून आलेला हा पहिलाच फोन, ताई."

मला रडू आलं. तिची मला लाजही वाटली नसती, उलट दोघी मिळून पुन्हा लिहीत बसलो असतो.

मुदत वाढवून मिळाली, रजा मिळाली नाही. आता नोकरी सांभाळून रविवारी शाळा सोडलेल्यांची घरं शोधत फिरते. तुम्हालाही कुणी अशी भिंत दाखवेल, औषधाची, शिकवणीची, नाहीतर एखाद्या बाबाची. भारावून जाऊ नका. आले किती, गेले किती आणि गेलेल्यांना कुणी विचारलं का, एवढं विचारा. त्याला पदवी लागत नाही. आणि गेलेल्यांत आपलं माणूस असेल, तर फोन करा. मी एक वर्ष उशीर केला.