कळलावी ठरवलेला सोनटक्का

मित्रांनो, मखमलाबादच्या एका मळ्यात, हौदाच्या कडेला वाढलेला मी एक जुना सोनटक्का आहे. माझी पानं हळदीसारखी लांब, पण जीव मात्र जमिनीखालच्या कंदात. वरून वाळलो तरी मी मरत नाही. याच कंदामुळे एकदा माझ्यावर बालंट आलं.

१९९६ साली सुवर्णा लग्न होऊन या घरात आली. त्र्यंबकजवळच्या माहेराहून तिनं माझ्या कंदाचा तुकडा ओल्या फडक्यात बांधून आणला. हौदाजवळच्या ओलसर सावलीत मला लावलं, शेणखत घातलं. तिच्या सासूबाई, चंद्रभागाबाई, हे लांबून न्याहाळत होत्या.

माझी पानं वर आली, तशा शेजारच्या लंकाबाई डोकावल्या. "चंद्रभागे, ही तर कळलावी! हिचं मूळ लय जहर. अन् जिथं उगवती, त्या घरात कळ लावती."

लंकाबाईंनी कळलावी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. पण त्याच आठवड्यात घरची शेळी मेली. ती माझ्याकडे फिरकलीसुद्धा नव्हती. पण झाडाची साक्ष कोण काढतो?

त्या दिवसापासून चंद्रभागाबाईंनी सुनेच्या हातचा चहा सोडला. भाकरीही स्वतःच थापू लागल्या. सुवर्णानं विचारलं, तर म्हणाल्या, "काय नाय, पोटात जळजळ होती." आणि एका सकाळी सून बाजाराला गेलेली पाहून त्यांनी मला विळ्यानं जमिनीलगत कापून टाकलं.

मी मातीखाली पडून राहिलो. ज्येष्ठात पुन्हा कोंब फुटले. चंद्रभागाबाई दचकल्याच. "बाई गं! हे तर माझ्या मुळावरच उठलंय!" त्यांनी कुदळ उचलली. सुवर्णा आडवी आली, तेव्हा सगळं बाहेर पडलं: शेळी, कळलावी, चहा.

"आत्याबाई, मी तुम्हाला विष घालीन?"

चंद्रभागाबाईंनी मान फिरवली.

सुवर्णानं कुदळीचा दांडा धरला. "मग फूल येऊ द्या. कळलावीचं फूल लाल-पिवळं असतं, जाळासारखं. तसं आलं, तर हा कंद मी उपटीन, अन् मीपण माहेरी जाईन."

मित्रांनो, त्या पावसाळ्यात दोघी माझ्याकडे येत, पण कधी एकत्र नाही. अखेर गौरी बसल्या, त्या संध्याकाळी माझी कळी उमलली. पांढरीशुभ्र, पंख पसरल्यासारखी. वास ओट्यापर्यंत गेला. चंद्रभागाबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"फुलाचं कळलं," त्या म्हणाल्या. "मुळाचं कोण सांगणार?"

सुवर्णानं माती उकरली, कंदाचा तुकडा मोडला आणि पुढे केला. चंद्रभागाबाईंनी तो हुंगला. "आल्याच्या जातीचं दिसतंय," त्या पुटपुटल्या.

पुढं माझी फुलं फुलबाजारात जाऊ लागली. चंद्रभागाबाई गिऱ्हाइकांना माझं कौतुक सांगू लागल्या. सुनेला मात्र त्या कधी 'माझं चुकलं' म्हणाल्या नाहीत.

मित्रांनो, अनोळखी मूळ तोंडात घालू नका, हे खरंच. पण ओळख पटण्याआधी विळाही उचलू नका. माझं एक वेळ ठीक आहे. मला फुलून दाखवता आलं. सुवर्णानं काय फुलून दाखवायचं होतं?