घरी विचारलंत का?

माझ्या लेकीचं, शालनचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, नौपाड्यातल्या आमच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर आला. त्याचा प्रोग्रॅम लिहायला जो माणूस आला तो माझाच धाकटा भाऊ, चांगदेव. डॉक्टरबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "जगन, सरांना चहा सांग."

सरांना! कोपरीच्या शाळेत त्याला मी खांद्यावरून नेलेला. वडील लवकर गेले. मी विटा वाहिल्या आणि हा शिकला. मी अक्षरं शिकलो ती चाळिशीत, प्रौढांच्या वर्गात.

पेढीत मी शिपाई. पण एक काम फक्त माझं होतं. रक्तदात्याचं कार्ड रद्द करायचं असलं की ते माझ्या हातून जायचं. मी ते मोठ्यानं वाचायचो. नाव, गाव, रक्तगट. मग विचारायचो, "घरी विचारलंत का?" नसेल विचारलं तर स्वतः जाऊन यायचो, कळवा, डोंबिवली, कुठंही. 'गेला' म्हणून सांगितलेली तीन माणसं मी जिवंत शोधून काढली होती.

आता ते काम चांगदेवच्या चौकटीकडे गेलं. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या शीलानं नाव काढायला घेतलं की पडद्यावर मध्येच चौकट उगवायची: 'नक्की?' खाली 'हो' आणि 'नाही'.

"दादा, बघ, तुझ्यासारखीच विचारते," चांगदेव म्हणाला.

"माझ्यासारखी? तिला पाय आहेत का?"

शीला हसली. मी नाही हसलो.

पुढं त्या चौकटी वाढल्या. नाव साठवायचं? नक्की? बाहेर पडायचं? नक्की? शीला खिडकीबाहेर बघत 'हो' दाबत सुटायची. काय होणार ते मला दिसत होतं. मी बोललो नाही. एकदा सर तोंडावर आपटू देत, म्हटलं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर विठ्ठलवाडीचे मारुती केणे दारातूनच ओरडले, "वरीस झालं, तुमचा कागद नाय! मेलो काय मी?"

मेलेले मारुती केणे डोंबिवलीचे. शीलानं विठ्ठलवाडीचे काढले होते. ओ निगेटिव्ह माणूस. वर्षभरात दोनदा त्या रक्ताची निकड लागली आणि दोन्हीदा ती म्हणाली, यादीत कुणी नाही. दुसऱ्या वेळी मला केणे आठवले होते. मी कप विसळत राहिलो. रक्त मुंबईहून वेळेत आलं म्हणून निभावलं.

डॉक्टरबाई चांगदेवला सगळ्यांसमोर बोलल्या: पुन्हा असं झालं तर तुमचा प्रोग्रॅम बंद. तो जिन्यात माझ्याशेजारी येऊन बसला.

"दादा, तू कसं विचारायचास रे?"

मनातून मला बरंच वाटलं. "तू शिकलेला. मी काय सांगणार?"

"सांग ना. तू विचारलंस की माणूस थांबायचा. माझं कुणी वाचतसुद्धा नाही."

मला केणे आठवले, विसळलेले कपही आठवले.

"आधी नाव घे," मी म्हणालो. "गाव घे. मग विचार. आणि दहादा नको विचारूस. जे परत आणता येत नाही, तेवढ्याचंच विचार."

आठवडाभरात त्यानं बाकीच्या चौकटी काढून टाकल्या. एकच ठेवली. तिच्यात नाव, गाव, रक्तगट आणि खाली ओळ: 'घरी विचारलंत का?' सवयीनं नुसतं एन्टर दाबलं तर 'नाही'च व्हायचं.

"सर, किती माणसासारखं विचारतं हो!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

चांगदेव माझ्याकडे वळून काहीतरी सांगणार होता. मी ट्रे उचलून बाहेर गेलो. वाक्य माझं, कौतुक त्याचं. दीड वर्ष मी त्याच्या घरी गेलो नाही.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये शीलानं हाक मारली. "काका, हे माझ्यानं नाही होत." ती खुर्चीवरून उठली. मी बसलो. एकेक अक्षर लावत वाचलं, मोठ्यानं.

चांगदेव दामाजी रोकडे. कोपरी. बी पॉझिटिव्ह. घरी विचारलंत का?

"काका?"

"विचारलं," मी म्हणालो आणि 'हो' दाबलं.

माझा भाऊ चांगदेव सत्तावीस मे एकोणीसशे नव्व्याण्णव रोजी काविळीनं वारला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.