हातामागून येणारं चित्र

दुकानदाराने कॅसेटच्या खाचेत जोरात फुंकर मारली, ती डब्यात दाबून बसवली आणि टेबलाखालचं बटण पायाच्या अंगठ्यानेच चालू केलं. कोपऱ्यातल्या जुन्या पेटीसारख्या टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग रस्ता आला, मग लाल गाडी.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुमच्या गेमच्या डब्याला काहीही धाड भरलेली नाही."

तिने जॉयस्टिक हातात घेऊन गाडी थोडी पुढेमागे केली. डबा चालतो हे तिला ठाऊकच होतं. तिला वेगळंच हवं होतं. घरी मोठा टीव्ही आहे, त्यावर या गेमचं चित्र फिसकटल्यासारखं दिसतं, तर या डब्यातून एचडी चित्र काढता येईल का, असं तिने विचारलं. आईसाठी हवंय, हेही सांगितलं. आई हल्ली घरीच असते, तिचा वेळ जात नाही.

दुकानदाराला तेवढं निमित्त पुरलं. गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं आणि माणूस बोलघेवडा होता. हा डबा निघाला तेव्हा एचडी नावाची भानगडच कुठे होती, असं म्हणून त्याने सुरुवात केली. हा बिचारा थोडक्या ठिपक्यांचं चित्र पाठवणार, आणि नवा टीव्ही ते ओढूनताणून आपल्या अंगभर पसरवणार, लहान पोराचा सदरा बापाला चढवावा तसं. मध्ये लावायची एक डबी मिळते, तिने कडा जरा बऱ्या दिसतात. पण एचडी म्हणाल तर विसरा. त्यापेक्षा नवाच घ्या, म्हणत तो मागच्या फळीवरचं खोकं काढायला वळला.

"आणि दिसण्याचं सोडा हो," खोकं झटकत तो म्हणाला. "खेळायलाच मजा येत नाही मोठ्या टीव्हीवर. चित्र ताणायला त्याला वेळ लागतो ना. तुम्ही बटण आत्ता दाबणार, गाडी वळणार मागाहून. पापणी लवावी एवढाच उशीर, पण तेवढ्यात भिंत येते. चांगले चांगले आपटतात."

तिने जॉयस्टिक टेबलावर ठेवली.

"म्हणजे कुणीही आपटेल?"

"कुणीही. तुम्ही, मी. टीव्हीत गेम मोड असतो, तो लावला की पुष्कळ फरक पडतो. पण लोक कसले लावतात."

तो नव्या डब्याचे गुण गात राहिला. तिने आईचा डबा वायरींसकट पिशवीत कोंबला आणि काहीतरी पुटपुटून बाहेर पडली. फुटपाथवर आल्यावर ती तिथेच थांबली.

आई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. मुलं तिला हॉर्नमावशी म्हणायची, कारण प्रत्येकाच्या दारात ती वेगळ्या तऱ्हेने हॉर्न वाजवायची आणि आपला हॉर्न ओळखून पोरं जिने उतरायची. सकाळी त्यांना शाळेत सोडलं की दुपारी आणायला जाईपर्यंत आई टीव्हीसमोर मांडी ठोकून गाड्यांचा खेळ खेळत बसे. डबा मुळात लेकीसाठी घेतलेला. लेक मोठी झाली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिचं खेळणं सुटलं. आईचं काही सुटलं नाही. ब्रेकला हात न लावता वळण काढायचं ही तिची खासियत, आणि ते काढताना ती स्वतःही सोफ्यावर तिरपी व्हायची. यावरून घरात तिची भरपूर थट्टा चाले.

आईच्या साठीला लेकीने हौसेने मोठा टीव्ही आणला. जुना नुसता जागा अडवतोय म्हणून त्याच दिवशी देऊनही टाकला. राहू दे ना गं तो आतल्या खोलीत, असं आई म्हणाली होती. लेकीने ते कानाआड केलं.

त्यानंतरच्या एका रविवारी ती आईकडे गेली तर आई खेळत होती, आणि लाल गाडी प्रत्येक वळणावर भिंतीला घासत होती. आई खजील हसली. हात जड झालेत गं माझे, म्हणाली. दुसरी एखादी मुलगी यावर हसून चहा टाकायला गेली असती. ही विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. दिवसभर तिच्यासमोर चेपलेल्या दारांचे आणि फुटलेल्या काचांचे फोटो यायचे. आईची गाडी पुन्हा भिंतीवर गेली. लेकीला पडद्यावरची लाल गाडी दिसतच नव्हती. तिला व्हॅन दिसत होती, आणि व्हॅनमधली दप्तरं.

एकदा, फक्त एकदा तिने ती जॉयस्टिक स्वतःच्या हातात घेऊन बघायला हवी होती. एवढी साधी गोष्ट. पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भांडी पुसणाऱ्या आईला म्हणाली, "आई, व्हॅनमध्ये दुसऱ्यांची मुलं असतात."

या वाक्याला उत्तर नसतं. हे तिला बोलतानाच माहीत होतं आणि म्हणूनच ती ते बोलली होती. आई तीच ताटली बराच वेळ पुसत राहिली. पुढच्याच आठवड्यात तिने मुलांच्या आईवडिलांना आपणहून सांगून टाकलं की मला आता होत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एका तरुण बाईच्या हातात किल्ली दिली, कोणत्या मुलाला मळमळतं आणि कोणाला खिडकीशीच बसायचं असतं ते समजावून दिलं, आणि घरी आली. गेमचा डबा माळ्यावर गेला. हल्ली रस्ता ओलांडतानाही ती लेकीचं कोपर धरायची. जन्मभर या शहराच्या गर्दीतून गाडी काढलेली बाई. लेकीला वाटायचं, बरं झालं आपल्या वेळेवर लक्षात आलं. असं वाटायचं तिला. त्या फुटपाथवर उभ्या उभ्या तिला ते आठवलं आणि स्वतःची शिसारी आली.

ती थेट आईकडे गेली. आई खिडकीत बसून शेंगा सोलत होती. खाली व्हॅन उभी होती, धुतलेली. ती बाई गाडी नीट ठेवते, आईने आल्या आल्या सांगितलं.

लेकीने टीव्हीमागे वायरी जोडल्या, रिमोट घेऊन यादीतून यादीत शिरत गेम मोड शोधला आणि लावला. मग दुकानदाराने सांगितलेलं सगळं तिने आईला सांगितलं, एका दमात, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. डबा जुना आहे, त्याला एचडी जमत नाही, टीव्हीला वेळ लागतो, चित्र हातामागून येतं. तुझे हात चांगले होते. चूक टीव्हीची होती. टीव्ही मी आणला. आई शेंगा सोलत ऐकत होती आणि मधूनमधून हं म्हणत होती.

"आई, माझं चुकलं. बघितलं नाही, विचारलं नाही, सरळ बोलून मोकळी झाले."

"बरं बरं. पाणी पी आधी. केवढी लाल झालीस."

आई खेळायला तयार होईना. लेकीने हातापाया पडून तिला सोफ्यावर बसवलं, एक जॉयस्टिक तिला दिली, एक स्वतः घेतली. पहिल्या वळणाला आईने घाबरून ब्रेक दाबला. दुसऱ्यालाही दाबला. तिसऱ्या वळणाला ती जराशी तिरपी झाली आणि लाल गाडी भिंतीला केसाचाही धक्का न लावता बाहेर पडली. शर्यत संपली तेव्हा लेकीची निळी गाडी पार मागे, पुलावर कुठेतरी होती.

"बघ!" लेक ओरडलीच. "बघितलंस ना? उद्यापासून व्हॅन तूच ने. त्या बाईशी मी बोलते."

आईने जॉयस्टिक मांडीवर ठेवली आणि लेकीकडे पाहिलं. तापातून उठलेल्या मुलाकडे पाहावं तसं.

"एवढी मागे कशी राहिलीस गं तू?"

"मला येतच नाही, आई. किती वर्षांनी खेळतेय."

"हं."

आपण मुद्दाम हरलो असं आईला वाटतंय, हे लेकीच्या ध्यानात आलं. थांब, तुला दाखवतेच, म्हणत तिने गेम मोड काढून टाकला. आता मी एकटी खेळते, बघ मी कशी आपटते, म्हणाली. आणि ती आपटली. पहिल्या वळणावर, दुसऱ्यावर, प्रत्येक वळणावर. बटण दाबलं की चित्र मागून येत होतं, अगदी दुकानदार म्हणाला होता तसं. दर धक्क्याला ती आईकडे वळून बघत होती, पटलं का, पटलं का.

आई हसायला लागली. खूप दिवसांनी ती अशी मनापासून हसत होती, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

"मीही अश्शीच घालायचे भिंतीवर," ती म्हणाली. "तू एवढीशी होतीस ना, तेव्हा. तू जिंकलीस की घरभर नाचायचीस. एकदा खरंच हरलीस तर जेवली नाहीस. मग मी गाडी घालायला लागले भिंतीवर. तुला कधी कळलंसुद्धा नाही."

"तू मुद्दाम हरायचीस?"

"मग काय तर. पण तुझ्याइतकं छान नाही जमायचं मला. तू तर टीव्हीचं काय काय पाठ करून आलीस." तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "नको गं एवढं मनाला लावून घेऊस. तू बोललीस ते बरंच झालं. त्या दिवसापासून मला प्रत्येक चौकात भीती वाटायला लागली होती. आठवडाभर हात कापायचे स्टिअरिंगवर. असे हात घेऊन पोरांना न्यायचं का मी?"

"ते कापायचे ते माझ्यामुळे, आई. मी बोलले म्हणून."

आई उठून खिडकीशी गेली, लेकही तिच्यामागे. आईने दोन शेंगा सोलल्या, दाणे लेकीच्या तळहातावर ठेवले आणि खिडकीतून खाली बघितलं. मग ती परत सोफ्यावर येऊन बसली, मांडी ठोकून.

"लाव ते तुझं गेम मोड की काय ते," ती म्हणाली. "एकदा खेळू. पण या वेळी खरं खेळ. मला उगीच जिंकवू नकोस. म्हणजे मलाही कळेल माझं अजून कुठवर चालतंय. मग बोलू व्हॅनचं."

"खरं खेळते."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

लेकीने दाणे तसेच बाजूला ठेवले, तळवे पुसले आणि पुढे सरकून बसली. आयुष्यात कधी खेळली नव्हती इतकी ती जीव तोडून खेळली. ओठ दाताखाली, डोळे पडद्यावरून हलेनात. वळणावर तीही तिरपी झाली. आणि लाल गाडी तिच्या शेजारून अलगद पुढे गेली, पुढे गेली, आणि पुलापलीकडे दिसेनाशी झाली.

आईने जॉयस्टिकची वायर नीट गुंडाळली आणि डब्यावर ठेवली.

"शपथ घालायला नको होती मी, मोडायला लागली तुला," ती लेकीचे केस मागे सारत म्हणाली, आणि तिला जेवायला वाढायला उठली.