कागदावर पोचलेली आई

सकाळी आठलाच ट्रक दारात लागला. ट्रक कंपनीचा, हमाल कंपनीचे, खोकी आणि सुतळीसुद्धा कंपनीची. फिटरने अर्जच तसा फक्कड केला होता: ‘आईच्या डोळ्याचे ऑपरेशन तातडीने व्हायला हवे. मोठे इस्पितळ कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याच्या गावी आहे. तरी तिकडे बदली, सामान हलवण्याची सोय आणि तीन खोल्यांचे क्वार्टर मिळावे.’ साहेब विरघळले. म्हातारीचा उजवा डोळा कधीच गेला होता, डाव्याने धूसर दिसे. लेकाने बोट ठेवलं तिथे तिने चार कागदांवर सह्या केल्या आणि शेजारीपाजारी सांगत सुटली, “माझ्या डोळ्यासाठी बदली मागितली हो त्याने!”

म्हातारीचा पलंग ट्रकवर चढला. ट्रंक चढली. ती पिशवी घेऊन पुढे झाली तेव्हा सून म्हणाली, “आई, तुम्ही आत्ता नका. घर लावून होऊ दे. चार दिवसांत हे न्यायला येतील. तोवर शेजारी शिंपीणबाईंकडे राहा, मी सांगितलंय त्यांना.”

“अगं, पण डोळा...”

“चार दिवसांत काय होतंय डोळ्याला?” फिटर म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

गरज सरो, वैद्य मरो. चार दिवसांचे तीन महिने झाले. आईच्या नावावर मिळालेल्या तिसऱ्या खोलीत फिटरचा मेहुणा ऐसपैस पथारी पसरून होता. फोन केला की सून म्हणे, “यांना सुट्टीच नाही हो!” एका सकाळी म्हातारीला हातापुढचा कप सापडेना. शिंपीणबाईने शिलाई तशीच टाकली आणि तिचा हात धरून कंपनीचं ऑफिस गाठलं.

बदल्यांचं टेबल सांभाळणाऱ्या कारकूनबाईंना म्हातारीने विचारलं, “बाई, माझी गाडी कधी येणार? अर्जात माझं नाव आहे ना?”

कारकूनबाईंनी फाइल उघडली. शेवटच्या कागदावर त्यांचाच शिक्का होता आणि वर म्हातारीची सही: ‘मी मुलाकडे पोचले. ऑपरेशन झाले. कंपनीची ऋणी आहे.’

“आजी, यात तर तुम्ही तिकडे पोचलात. डोळाही बरा झालाय.”

“मग मला दिसत का नाही?”

त्यांनी फिटरला फोन लावला. त्याचा आवाज आजूबाजूच्या टेबलांनाही ऐकू गेला. “आई, तिथे कशाला कडमडलीस? माझी नोकरी घालवणार आहेस का? गप घरी जा!” कोणत्या घरी, ते काही तो बोलला नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून कारकूनबाई तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ पाहिलं. “काचबिंदू आहे. आता उपाय नाही. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं असतं, तर हा डोळा राहिला असता.”

म्हातारी रडली नाही. ती पुन्हा ऑफिसात आली, थेट साहेबांपुढे. “तो कागद खोडा.”

“आजी, चौकशी लागेल. मुलाचं क्वार्टर जाईल, कदाचित नोकरीही. आई ना तुम्ही? आणि बाई, न तपासता मारलेला शिक्का तुमचा आहे, विसरू नका!”

“साहेब, मी पोचले नाही. तेवढंच लिहा. मग व्हायचं ते होऊ दे.”

कारकूनबाईंनी फाइल पुढे ओढली. त्यांनी लिहिलं: ‘आई मुलाकडे पोचलेली नाही. ऑपरेशन झालेले नाही. मी न तपासता शिक्का मारला.’ मग त्यांनी म्हातारीचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं. म्हातारीने हात मागे घेतला.

“आधी वाचून दाखवा.”

त्यांनी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मगच सही केली.

वाचकहो, तुमच्या घरातही एखाद्या कागदावर आईची सही असेल. तिला तो कुणी वाचून दाखवला होता का?