औषध न दिलेली कुत्री

प्रयोगशाळेच्या मागच्या दालनात कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काका म्हणत. खाणं त्यांनीच घालायचं, पिंजरे त्यांनीच धुवायचे आणि शेवटची सुई द्यायच्या वेळी कुत्र्याला धरायचंही त्यांनीच. परक्या हातात कुत्रं बिथरतं. खाऊ घालणाऱ्याच्या हातात मान टाकून पडतं. मायेचा असाही उपयोग करून घेतात.

या खेपेला मात्र नकटी नावाची कुत्री वाचणार होती. नव्या औषधाची चाचणी चालली होती. बाकीच्या कुत्र्यांना औषध मिळे, नकटीला नुसतं ठरलेलं खाणं. तिच्याशी ताडून इतरांचं बघायचं. काम संपल्यावर धडधाकट असेल तर तिला कुणी घरी न्यायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी तिथल्या तिथे शब्द टाकून ठेवला.

"आणा की," बायको म्हणाली. "पोरं गेली आपापल्या वाटेनं. मला भांडायला कुणी तरी हवंच."

"मी आहे ना."

"तुम्ही कुठं उलटून भुंकता?"

पण नकटी होती हाडकुळी. बाई हिला नापास करतील, अशी धास्ती काकांनी घेतली. मग रोज डब्यातून उकडलेली अंडी आणि वाटीभर साय. कुत्रीच्या अंगावर तकाकी आली. काकांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

एक दिवस बाईंनी बोलावलं. "काका, नकटीच्या रक्तात चरबी फार वाढलीय. औषध न देता. आता तिला उघडून यकृत बघावं लागणार."

काका घाईनं पुढं झाले. "बाई, आजार नाही तो. मीच तिला अंडी घालत होतो. साय पण. पहिल्यापासून."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खरं सांगितलंत ते बरं केलंत. न्या तिला घरी. पण बाकीच्यांचं आता ताडायचं कशाशी? सगळं काम पाण्यात गेलं. त्यांच्या अंगात औषध गेलंय, त्यांना बाहेर सोडता येत नाही. त्यांना शेवटची सुई देऊन मोकळं करावं लागेल, आणि नवी कुत्री आणून पहिल्यापासून."

"दुसरं कुणी धरेल का त्यांना?"

"तुमच्याशिवाय राहतात का ती शांत?"

काकांनी धरलं. एकेक कुत्रं आपल्या पायांनी चालत आलं, शेपटी हलवत. जाताना त्यांच्या मरणाला काही कारणही उरलं नव्हतं.

मग नवी आली. भेदरलेली, एकमेकांना चिकटलेली. काकांनी ठरलेलं खाणं घातलं, वर एक कण नाही. चार घासांनंतर तीही शेपटी हलवू लागली.

घरी नकटी दाराशीच होती. ती धावत येऊन अंगावर झेपावली. काकांनी तिला पायानं बाजूला सारलं.

"अहो, एका मुक्या जिवाला वाचवलंत आणि आता लाथ मारता?" बायको म्हणाली. "काय केलं तिनं?"

"तिनं काही नाही केलं," म्हणून काका हात धुवायला आत गेले.